एम-पेसा: केनियात पैशाला वाट मिळाली, मग त्याच वाटेनं कर्ज आलं

केनियातली सफारीकॉम ही टेलिफोन कंपनी ६ मार्च २००७ रोजी एम-पेसा नावाची सेवा घेऊन बाजारात उतरली. बँकेत खातं नसलेल्या माणसालाही साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, दुसऱ्याकडे पैसे धाडता येतील, एवढाच तिचा दावा होता. जाहिरातीतलं वाक्यही तितकंच सरळ होतं: ‘घरी पैसे पाठवा’. त्याच्या आदल्या वर्षी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या जेमतेम २७ टक्के प्रौढांचा बँकेशी किंवा कुठल्याही औपचारिक वित्तसंस्थेशी संबंध असल्याचं दिसलं होतं. २०२१ च्या पाहणीत हा आकडा ८३.७ टक्के झाला.

याच पाहणीत आणखी एक मोजमाप असतं. रोजचा खर्च भागतो का, अचानक संकट आलं तर सावरता येतं का आणि पुढच्यासाठी काही बाजूला पडतं का, हे विचारून किती लोकांची आर्थिक तब्येत ठीक आहे ते त्यात ठरवतात. २०१६ साली असे लोक ३९.४ टक्के होते. २०२१ साली ते १७.१ टक्क्यांवर आले. खात्यांचा आकडा वर चढत होता त्याच काळात हा आकडा निम्म्याहून खाली घसरला. एम-पेसावरच्या बहुतेक लेखांत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी पैसा कसा जायचा

नैरोबीत पहारेकरी, मोलकरीण, बांधकाम मजूर किंवा मटाटूवर (तिथली खासगी मिनीबस) कंडक्टर म्हणून राबणाऱ्यांचं घर बहुधा दूर असतं: पश्चिमेला किसुमूकडे, काकामेगाकडे, नाहीतर मध्य केनियातल्या डोंगरउतारांवर. बायकामुलं किंवा आईवडील गावी, कमावता शहरात. पगार झाला की पैसे गावी पोचवायचे कसे, हा दर महिन्याचा प्रश्न. गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचे, बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट सोपवायचं, पोस्टात रांग लावायची किंवा स्वतः दिवस मोडून जायचं. पाकीट वाटेत हलकं व्हायचं, कधी पोचायचंच नाही. पोस्टात तर पैसे घ्यायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आज रोकड नाही, उद्या या’ ऐकावं लागायचं.

मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात, साताऱ्यात, सांगलीत मनीऑर्डरी जायच्या त्या काळाची आठवण असलेल्या मराठी घरांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे पोस्टमन दारात येऊन पैसे मोजून द्यायचा. केनियात टपालखात्याचं जाळं तेवढं दाट आणि भरवशाचं कधीच नव्हतं. बँकांच्या शाखा शहरांत एकवटलेल्या आणि खात्यात किमान शिल्लक ठेवायची अट गरिबाला परवडणारी नाही. लोकांच्या हातात तेव्हा फोन मात्र आला होता. सफारीकॉमनं २००५ साली एका फोनवरून दुसऱ्या फोनवर बोलण्याचा बॅलन्स पाठवायची सोय सुरू केली होती. लोकांनी तीच पैशासारखी वापरायला सुरुवात केली: गावी बॅलन्स धाडायचा, तिथं कुणी तो विकत घेऊन रोकड द्यायचं. गरज लोकांनीच दाखवून दिली होती.

थिका इथली चाचणी

एम-पेसा मुळात यासाठी जन्मलीच नव्हती. सफारीकॉमची भागीदार असलेल्या व्होडाफोनमधले निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याच्या एका निधीतून जवळपास दहा लाख पौंड मिळवले, तेवढीच भर कंपनीनं घातली आणि योजना आखली ती सूक्ष्मकर्जाच्या हप्त्यांसाठी. फाउलू केनिया ही कर्ज देणारी संस्था सोबत होती आणि पैसे ठेवायला कमर्शियल बँक ऑफ आफ्रिका. ऑक्टोबर २००५ मध्ये नैरोबीत आणि जवळच्या थिका शहरात पाचशेच्या आसपास कर्जदारांना फोन देऊन चाचणी सुरू झाली. कर्ज फोनवर मिळेल, हप्ता फोनवरून भरता येईल, असा तो बेत.

हप्त्यांचं काम अडखळत चाललं. फाउलूची पद्धत आपल्या बचत गटांसारखी होती. आठवड्याची बैठक, सगळ्यांसमोर हप्ता, एकमेकांची हमी. फोनवरून हप्ता भरता येऊ लागल्यावर बायामाणसं बैठकीला येण्याचं कारणच उरेना. शिवाय संस्थेच्या वहीशी फोनवरच्या नोंदी जुळवताना कारकुनांची दमछाक व्हायची. पण लोक दुसरंच काही करताना दिसले. कुणी थिकात पैसे भरून नैरोबीत काढायचा, वाटेत लुटालूट नको म्हणून. कुणी दुकानाचा गल्ला रात्रीपुरता फोनमध्ये ठेवायचा. कुणी नवऱ्याला, भावाला पैसे धाडायचा. चाचणी घेणाऱ्यांनी हे नुसतं नोंदवलं नाही, मानलं. हप्त्यांचा भाग बाजूला ठेवून पाठवणं, भरणं, काढणं आणि रिचार्ज एवढ्यावरच सेवा उभी केली. ज्या योजनेसाठी अनुदान मिळालं तिच्यातला मूळ हेतू सोडून द्यायला धीर लागतो. सरकारी आणि देणगीच्या पैशांवरच्या किती योजना असा धीर दाखवतात?

खरी यंत्रणा: वकाला

एम-पेसाचं कौतुक करताना सगळे फोनकडे बघतात. फोनचा भाग सोपा होता. सिमकार्डात एक मेन्यू, पाठवायचा नंबर, रक्कम, चार आकडी पिन, आणि दोन्हीकडे पोचपावतीचा मेसेज. हे तंत्र २००७ सालीही नवं नव्हतं. अवघड होतं ते हातातल्या नोटांचं फोनमधल्या आकड्यात आणि त्या आकड्याचं पुन्हा नोटांत रूपांतर करणं, तेही खेड्यातल्या बाजारपेठेत, कधीही, विश्वासानं. हे काम करतो तो एजंट. स्वाहिलीत त्याला वकाला म्हणतात. किराण्याचं दुकान, औषधांचं दुकान, पेट्रोल पंप, शिंप्याची टपरी, हिरव्या रंगात रंगवलेली एक खिडकी, काहीही.

त्याचा धंदा चालतो कसा ते नीट समजून घ्यायला हवं, कारण मोबाइल पैशाच्या बहुतेक फसलेल्या योजना इथंच फसल्या. वकालाला आधी स्वतःचे पैसे बँकेत भरून तेवढेच फोनमधले पैसे विकत घ्यावे लागतात. याला फ्लोट म्हणतात. गिऱ्हाईक नोटा देऊन पैसे भरतं तेव्हा वकालाचा फ्लोट कमी होतो, गल्ल्यातली रोकड वाढते. गिऱ्हाईक पैसे काढतं तेव्हा उलट. म्हणजे त्याचं भांडवल तेवढंच राहतं, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं. पण कुठला खिसा कधी रिकामा होईल, हे त्याच्या हातात नसतं. नैरोबीत लोक भरतात जास्त, काढतात कमी. दुपारपर्यंत फ्लोट संपतो आणि गल्ला नोटांनी भरतो. गावात उलट: शहरातून आलेले पैसे काढायला रांग, रोकड संपलेली आणि फोनमध्ये फ्लोट पडून. शाळेची फी भरायच्या दिवसांत, सणाला, महिनाअखेरीला हा असमतोल टोकाला जातो.

म्हणून नोटा कुणीतरी शहरातून गावाकडे वाहून न्याव्या लागतातच. फोनमधून गेला तो हिशेब, नोटा रस्त्यानंच जातात. सुरुवातीला गावातला वकाला दुकान बंद करून, अंगावर रोकड घेऊन मटाटूतून तालुक्याच्या बँकेत जायचा. त्या वेळेचं नुकसान त्याचं, वाटेत लुटलं गेलं तर तेही त्याचंच. पुढे मोठे ठोक एजंट आले, बँकांच्या शाखा त्यांच्यासाठी फ्लोट बदलून देऊ लागल्या आणि ही ओढाताण थोडी सुसह्य झाली.

सफारीकॉमनं इथं दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. पैसे भरणं गिऱ्हाइकाला फुकट ठेवलं, पण वकालाला त्या व्यवहारावरही कमिशन दिलं. आणि गिऱ्हाइकं व वकाला यांची संख्या बरोबरीनं वाढवली. गिऱ्हाइकं भरमसाट आणि वकाला मोजके असले तर रोकड मिळत नाही. वकाला भरमसाट आणि गिऱ्हाइकं मोजकी असली तर कुणाचंच कमिशन सुटत नाही, तो फ्लोट काढून घेऊन साखर-तेल विकायला मोकळा होतो. तीन-चार वर्षांत वकालांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. देशात तेव्हा बँकशाखा हजारेक होत्या.

विश्वासाची बाजूही तेवढीच महत्त्वाची. प्रत्येक व्यवहाराला ओळखपत्र दाखवायचं, वकालाच्या वहीत नोंद आणि सही करायची, पिन स्वतःच दाबायचा, आणि मेसेज आल्याशिवाय नोटा द्यायच्या-घ्यायच्या नाहीत. केनियात प्रौढ झाल्यावर राष्ट्रीय ओळखपत्र काढावंच लागतं, ही तयार गोष्ट सेवेच्या पथ्यावर पडली. बँकेत जाण्याची भीती वाटणारी बाई ओळखीच्या दुकानदारासमोर मेसेज वाचून घेऊ शकत होती. पैसे पोचले की नाही हे त्याच क्षणी समजायचं. गावच्या पोस्टासारखं उद्यावर ढकललं जायचं नाही.

सेंट्रल बँकेनं काय केलं आणि काय केलं नाही

टेलिफोन कंपनीला लोकांचे पैसे सांभाळू द्यायचे का? केनियाच्या सेंट्रल बँकेपुढे हा प्रश्न आला तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता. कायदा होईपर्यंत थांबा म्हणण्याऐवजी बँकेनं अटी घालून ‘हरकत नाही’ असं पत्र दिलं. मुख्य अट अशी की फोनमधल्या प्रत्येक शिलिंगमागे (शिलिंग हे केनियाचं चलन) एक खरा शिलिंग बँकेतल्या विश्वस्त खात्यात असला पाहिजे. सफारीकॉमला त्याला हात लावता येणार नाही, तो कर्जाऊ देता येणार नाही आणि त्यावरचं व्याज स्वतःकडे ठेवता येणार नाही. कंपनी बुडाली तरी लोकांचे पैसे बुडू नयेत, यासाठीची ही तजवीज.

बँकांना हे रुचलं नाही. २००८ च्या डिसेंबरात अर्थमंत्री जॉन मिचुकी यांनी एम-पेसाची तपासणी करायला सांगितलं. त्यामागे बँकांचं दडपण असल्याची उघड चर्चा होती. पुढच्या महिन्यात अहवाल आला की सेवा सुरक्षित आहे. राष्ट्रीय देयक व्यवस्थेचा कायदा २०११ साली झाला आणि त्याखालचे नियम २०१४ साली. म्हणजे सेवा सुरू झाल्यावर सात वर्षांनी नियम पुरे झाले. नियामकानं नव्या गोष्टीला वाढू दिलं, पण मोकाट सोडलं नाही. पैशाच्या सुरक्षिततेची अट पहिल्या दिवसापासून घातली, बाकी पाहत पाहत ठरवलं. या प्रकरणात मला सर्वात अनुकरणीय वाटतो तो हा भाग.

त्या व्याजाचं काय होतं, तेही सांगायला हवं. ते एम-पेसा फाउंडेशन या धर्मादाय संस्थेकडे जातं. शाळा, आरोग्य यावर खर्च होतो, थिकाजवळ हुशार पण गरीब मुलांसाठी एक निवासी शाळाही आहे. काम चांगलंच आहे. पण ज्यांच्या शिलकीवर ते व्याज जमतं त्यातले असंख्य लोक स्वतः हातावर पोट असलेले आहेत, आणि त्यांच्या पैशाचं व्याज त्यांना मिळत नाही. बँकेच्या बचत खात्यात हे कुणी चालवून घेतलं असतं?

अडचणीत कामाला आलं ते

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली उसळल्या. हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो विस्थापित झाली. रस्ते बंद, दुकानं बंद, वस्त्यांत अडकलेल्या नातेवाइकांपर्यंत पोचता येईना. त्या आठवड्यांत लोकांनी फोनवरून पैसे आणि बॅलन्स धाडले. सेवा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. लोकांचा तिच्यावरचा भरवसा पक्का व्हायला त्या दिवसांचा मोठा हातभार लागला.

अर्थतज्ज्ञ तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २००८ पासून काही वर्षं त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहणी केली. त्यांचा पहिला निष्कर्ष मला सर्वांत भक्कम वाटतो. आजारपण, नोकरी जाणं, पीक बुडणं असा फटका बसला की एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सरासरी ७ टक्क्यांनी घटायचा, म्हणजे ताटातलंच कमी व्हायचं. वापरणाऱ्या घरांत तो घटत नव्हता, कारण लांबलांबचे नातलग थोडे थोडे पैसे ताबडतोब पाठवू शकत होते. आपल्याकडच्या भिशीसारख्या ज्या ‘चामा’ तिथं घरोघरी असतात, त्यांचाही जमाखर्च कोषाध्यक्षाच्या डब्यातून फोनवर आला. नात्यांचं जाळं आधीच होतं. आता त्यातून पैसा वेळेवर वाहू लागला.

२०१६ साली त्यांचा दुसरा निष्कर्ष आला: एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली सुमारे २ टक्के, गरिबीतून वर आली आणि सुमारे १,८५,००० बायका पोटापुरत्या शेतीतून छोट्या धंद्यांकडे वळल्या. हा आकडा जगभर गाजला. मिलफर्ड बेटमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली त्यावर कडक आक्षेप घेतले: नवे धंदे मोजले पण बुडालेले मोजले नाहीत, वाढलेली कर्जं पाहिली नाहीत, फीच्या रूपानं गरिबांकडून कंपनीकडे गेलेला पैसा धरला नाही. दोन टक्क्यांचा आकडा अचूक आहे की नाही यावर वाद राहील. फटका बसल्यावर घर सावरतं, हे मात्र मला मान्य आहे आणि ते छोटं नाही.

फीचा हिशेब

सुरुवातीच्या दरपत्रकात पैसे पाठवायला सरसकट ३० शिलिंग आणि २,५०० पर्यंतची रक्कम काढायला २५ शिलिंग लागायचे. पहारेकऱ्यानं आईला २,००० शिलिंग धाडले तर दोन्ही टोकांचा मिळून खर्च ५५, म्हणजे पावणेतीन टक्के. बसच्या ड्रायव्हरपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित. त्यानंच २०० धाडले तरी खर्च तोच ५५, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. जितका गरीब तितकी त्याची रक्कम छोटी आणि तितका त्याचा भार जास्त. पुढे लहान रकमांसाठी वेगळे टप्पे आले. कोविडच्या साथीत, मार्च २०२० पासून वर्षअखेरपर्यंत, १,००० शिलिंगपर्यंतचे व्यवहार मोफत केले गेले.

कराची गोष्टही इथलीच. पैसे पाठवण्याच्या फीवर २०१३ साली १० टक्के अबकारी कर आला, २०१८ साली मोबाइलसाठी तो १२ झाला, २०२३ साली १५. २०२४ च्या वित्त विधेयकात २० टक्क्यांचा प्रस्ताव होता. त्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, २५ जूनला निदर्शक संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. विरोध अनेक करांना होता. पण मोबाइल पैशावरचा कर हा मिठावरच्या करासारखा आहे, तो चुकवता येत नाही. घानात २०२२ साली असाच व्यवहारांवर कर लावला आणि २०२५ साली तो रद्द करावा लागला.

मग कर्ज आलं

२०१२ च्या नोव्हेंबरात कमर्शियल बँक ऑफ आफ्रिकेसोबत एम-श्वारी सुरू झाली. फोनमध्येच बचत आणि फोनमध्येच कर्ज. कागद नाही, जामीनदार नाही, बैठक नाही. तुमचा फोनचा आणि एम-पेसाचा वापर बघून कर्जाची मर्यादा ठरते. ३० दिवसांसाठी ७.५ टक्के फी. वर्षाच्या हिशेबानं साधं व्याज धरलं तरी ९० टक्के. ‘फी’ म्हटल्यामुळे ते व्याजासारखं दिसत नाही, आणि २०१६ साली सरकारनं बँकांच्या व्याजावर मर्यादा घातली तेव्हाही या फीला ती लागू झाली नाही.

मागोमाग ॲपवरून कर्ज देणाऱ्या टाला, ब्रांचसारख्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून असंख्य लहान-मोठ्या, ज्यांच्यावर कुणाचीच देखरेख नव्हती. २०१९ च्या जानेवारीत सफारीकॉमनं फुलिझा आणलं: खात्यात पैसे कमी असले तरी व्यवहार पुरा होतो, उरलेली रक्कम उसनी धरली जाते आणि पुढच्या वेळी खात्यात पैसे आले की आपोआप वळती होते. आईनं मुलाला धाडलेले पैसे आले आणि त्यातले निम्मे फुलिझानं कापून घेतले, असं रोज घडू लागलं. पूर्वी जी वाट मदत घेऊन यायची तिथं आता वसुलीचा नाका बसला होता.

सट्टेबाजीच्या कंपन्याही याच वाटेवर होत्या. फुटबॉलवर पैज लावायची, फोनमध्ये पैसे नाहीत, मग फोनवरच कर्ज, त्याच मिनिटाला. जुलै २०१९ मध्ये सरकारनं अनेक सट्टा कंपन्यांचे एम-पेसावरचे पैसे घेण्याचे क्रमांक बंद करायला लावले, त्याचं थेट कारण कर आणि परवान्यांचा वाद होतं. पण तरुणांच्या घरांत काय चाललंय याची जाणीव तोवर सगळ्यांना झाली होती.

२०१९ पर्यंत सुमारे २७ लाख केनियन थकबाकीदार म्हणून पतमाहिती संस्थांच्या यादीत गेले होते आणि त्यातल्या कित्येकांची थकबाकी दोन-चारशे शिलिंगांची होती. तेवढ्यासाठी नोकरीच्या अर्जात अडथळा, बँकेत कर्ज नाही. हे वित्तीय समावेशन म्हणायचं का? ज्या माणसाला औपचारिक व्यवस्थेत पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तिच्या दप्तरात त्याची पहिली नोंद ‘बुडवा’ अशी झाली. माझा राग याच गोष्टीवर आहे.

आर्थिक तब्येतीचा आकडा केवळ यामुळे घसरला असं मी म्हणत नाही. त्या वर्षांत दुष्काळ आला, महागाई आली, कोविडनं रोजगार नेला. पण संकटाच्या काळात घराला हातभार लागावा म्हणून जे साधन उभं राहिलं, त्यावरच महिन्याला साडेसात टक्क्यांचं कर्ज बसलेलं असेल तर त्याचा आधार किती उरणार, हे हिशेबानं दिसतं.

उपाय उशिरा पण आले. एप्रिल २०२० मध्ये सेंट्रल बँकेनं देखरेखीबाहेरच्या कर्जकंपन्यांना पतमाहिती संस्थांकडे नावं पाठवायला बंदी केली आणि १,००० शिलिंगखालच्या थकबाकीसाठी कुणाचंच नाव यादीत घालायचं नाही असं ठरवलं. मार्च २०२२ च्या नियमांनी डिजिटल कर्ज देणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला, आणि धमक्या देणं, शिवीगाळ करणं, कर्जदाराच्या फोनमधल्या ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावून बदनामी करणं यांवर बंदी आली. सप्टेंबर २०२२ मध्ये २८८ अर्जांपैकी फक्त १० कंपन्यांना परवाना मिळाला. फुलिझाची फी कमी झाली. सरकारनं वर्षाला ८ टक्क्यांनी फोनवरच कर्ज देणारा ‘हसलर फंड’ नोव्हेंबर २०२२ मध्ये काढला.

दुसरीकडे का जमलं नाही

दक्षिण आफ्रिकेत एम-पेसा २०१० साली गेली आणि २०१६ साली बंद पडली. तिथं बँकांची पोच आधीच बरीच होती, नियम कडक होते आणि सफारीकॉमसारखी बहुतेक बाजारपेठ हातात असलेली कंपनी नव्हती. केनियातल्या यशामागे ही मक्तेदारीही होतीच, हे मान्य करायला हवं. ज्याच्याकडे बहुतेक गिऱ्हाइकं, त्याच्याकडे पैसे पाठवण्याचा सर्वाधिक उपयोग. त्याची किंमत लोकांनी दीर्घकाळ मोजली. वकालानं दुसऱ्या कंपनीचं काम करायचं नाही ही सक्ती २०१४ साली स्पर्धा आयोगाच्या हस्तक्षेपानं सुटली, आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सरळ पैसे जाण्याची सोय २०१८ साली आली, म्हणजे अकरा वर्षांनी.

भारतात व्होडाफोननं २०१३ साली आयसीआयसीआय बँकेसोबत एम-पेसा आणली. रिझर्व्ह बँकेची भूमिका पहिल्यापासून वेगळी होती: लोकांचे पैसे बँकेतच राहतील, टेलिफोन कंपनीच्या फोनमधल्या पाकिटातून (वॉलेटमधून) रोकड काढून देणं बँकेच्या छत्राखालीच होईल. मग २०१४ साली जनधन खाती आली, २०१६ साली यूपीआय आलं आणि पाकिटाला वेगळं कारणच उरलं नाही. २०२० च्या जानेवारीत व्होडाफोन एम-पेसानं परवाना परत केला. आपली वाट अनेक बाबतींत चांगली ठरली. कुठल्याही बँकेतून कुठल्याही बँकेत, कुठल्याही ॲपवरून, आणि माणसानं माणसाला पाठवायला फी नाही. केनियातला पहारेकरी जी फी आजही देतो ती नागपुरातल्या पहारेकऱ्याला द्यावी लागत नाही.

पण केनियानं २००७ सालीच साध्या फोनवर जे केलं, त्यासाठी आपल्याकडे यूपीआयची *९९# ही सोय होती तरी ती फारशी रुजली नाही, आणि साध्या फोनसाठी १२३पे आलं ते २०२२ साली. आणि रोकडीचा प्रश्न आपल्याकडेही तोच आहे. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावर खात्यात पैसे आल्याचा मेसेज येतो, ते काढायला बँकमित्राकडे रोकड असावी लागते, आणि त्याचं कमिशन परवडलं नाही तर तो खुर्ची सोडून दुसरं काम बघतो. वकालाच्या गल्ल्याचं गणित केनियानं जसं पहिल्या दिवशी मांडलं, तसं बँकमित्राचं गणित आपल्याकडे कमिशनच्या दरांत अजून मांडलं गेलेलं नाही, असं मला वाटतं.

कर्जाच्या ॲपांचा त्रास आपल्याकडेही आला, केनियासारखाच: फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना फोन, बदनामीचे फोटो, आत्महत्या. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी, सगळ्या खर्चासह वार्षिक दर आधी सांगायला हवा आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून मोकळं होता यायला हवं. केनियाचे नियम त्याच वर्षी मार्चमध्ये आले होते. तोवर एम-श्वारी सुरू होऊन नऊ वर्षं उलटली होती. पैसे सुरक्षित ठेवण्याची अट तिथल्या सेंट्रल बँकेनं २००७ साली पहिल्याच पत्रात घातली होती. कर्जाचा वार्षिक दर उघड सांगण्याची तशीच अट २०१२ साली एम-श्वारीच्या परवानगीसोबत घालता आली असती, त्याला नव्या कायद्याची गरज नव्हती.